वाचून दाखवले, समजले

“वाच,” आत्ती म्हणाली, आणि पिशवीतून चष्मा काढून तिने डोळ्यांवर चढवला.

दुय्यम निबंधकांच्या कचेरीबाहेर व्हरांड्यात एक लाकडी बाक होता. त्यावर आम्ही दोघी बसलो होतो. माझ्या मांडीवर टाइप केलेला तीन पानी दस्त होता. अप्पा, माझे वडील, खाली पायरीवर उभे राहून रस्त्याकडे बघत होते. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

“ऐकायला चष्मा कशाला लागतोय आत्ती?” मी विचारलं.

“असू दे. चारचौघांत बरा दिसतोय.”

मोफत शिबिरात मिळालेला चष्मा होता तो, काळ्या जाड काडीचा. मी हसले. हसू अगदी सहज आलं. त्या वयात मला सगळंच सहज यायचं. बोलणं तर फारच.

हे सत्त्याण्णव सालचं, जुलै महिन्यातलं. आम्ही इचलकरंजीचे, मागवाले. आजोबांनी उभारलेल्या शेडमध्ये चार यंत्रमाग होते आणि अप्पा ते खर्चीवर चालवायचे. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आणि आमच्या वाट्याला फक्त विणण्याची मजुरी. शेडला लागून रस्त्याच्या बाजूला एक खोली होती. त्या खोलीत द्वारकाआत्ती राहायची. अप्पांची थोरली बहीण.

आत्तीचं लग्न सतराव्या वर्षी झालं आणि विसाव्या वर्षी मोडलं. सासरच्या लोकांनी एका कागदावर तिचा अंगठा घेतला होता. ‘रेशनकार्डात नाव घालायचंय’ असं सांगून. महिन्याभराने तिला कळलं की ती सोडचिठ्ठी होती. ती माहेरी परत आली तेव्हा आजोबांनी फार काही विचारलं नाही. पुढची खोली झाडून घेतली, तिची ट्रंक आत ठेवली आणि म्हणाले, ही तुझी. तेव्हापासून ती तिथं राहत होती आणि दोन गल्ल्या पलीकडच्या कारखान्यात कांड्या भरायला जात होती. कोनावरचं सूत कांडीवर गुंडाळायचं, दिवसभर, उभ्याने.

त्या अंगठ्यापासून आत्तीने एक नेम धरला होता. कुठलाही कागद असो, तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवल्याशिवाय ती त्याला बोट लावायची नाही. रेशनचा फॉर्म, नगरपालिकेची नोटीस, कारखान्याचं पगाराचं रजिस्टर, सगळं. लग्नाची पत्रिका आली तरी ‘आपले नम्र’पर्यंत वाचावी लागायची. गल्लीतली माणसं तिची टिंगल करायची. पण वाचून दाखवायची. आमच्या घरात हे काम माझ्याकडे होतं.

मी अकरावीत असताना जिल्ह्यात साक्षरतेची मोहीम आली. संध्याकाळी गणेश मंडळाच्या हॉलमध्ये बायकांचा वर्ग भरायचा आणि शिकवायला आम्ही कॉलेजची पोरं असायचो. आत्ती माझ्या वर्गात होती. चार महिने ती पाटी घेऊन न चुकता आली. सही शिकली. ‘द्वारका’ लिहायला तिला सुरुवातीला एवढा वेळ लागायचा की बाकीच्या बायकांच्या पाट्या पुसून व्हायच्या. मोहीम संपली, पाट्या गोळा झाल्या. “पुढचं पुस्तक देऊ का?” मी विचारलं. “सही पुरे मला,” ती म्हणाली. “बाकीचं वाचायला तू हाईस की.”

माझं तोंड चालायचं हे एव्हाना गावभर झालं होतं. वक्तृत्वाचे कप घरात भांड्यांच्या फळीवर ओळीने लावलेले होते. दिलेल्या विषयाच्या बाजूने बोलायला सांगा, विरुद्ध बाजूने बोलायला सांगा, मला सारखंच. बी.ए. झाल्यावर सगळ्यांनीच म्हणायला सुरुवात केली की हिला वकील करा. सगळ्यांच्या आधी म्हणाली ती आत्ती. कांडीवाल्या बायकांना तिने सांगूनही टाकलं होतं, “आमची वैजू काळा कोट घालणार.” कोल्हापूरच्या लॉ कॉलेजच्या यादीत माझं नाव लागलं तेव्हा तिने कारखान्यात पेढे वाटले. आमच्या घरातही तोवर कुणी वाटले नव्हते.

आणि मग, कचेरीत जायच्या चार दिवस आधी, माग बंद असण्याच्या दिवशी अप्पांनी मला शेडमध्ये बोलावलं. ते मागाला तेल घालत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “शेड विकायची म्हणतोय. शेजारचे बोरगावे घ्यायला तयार हाईत. त्यांना कारखाना वाढवायचाय.”

“आणि आत्तीची खोली?”

“खोलीसकट मागतायत. रस्त्याची बाजू तीच हाय.”

“मग आत्ती?”

“आत्ती आपल्या घरात. तिला काय रस्त्यावर टाकतोय का मी? बहीण हाय माझी.” त्यांनी तेलाची बुधली खाली ठेवली. “पण जागा अजून बाबांच्या नावावर हाय. निम्मा हिस्सा तिचा निघतोय. तिनं हक्कसोड लिहून दिल्याशिवाय बोरगावे हात लावत न्हाईत.”

“मग सांगा की तिला तसं.”

“सांगितलं तर ती खोली सोडायची न्हाई. बाबांनी दिलेली खोली हाय म्हणून धरून बसंल. आणि मग तुझं कोल्हापूर कशावर व्हायचं? हॉस्टेल हाय, फी हाय, तीन वर्षं हाईत. हे माग बघतीयस न्हवं?”

मागांकडे बघण्याची गरज नव्हती. त्यातले दोन तर नुसते पार्ट काढण्यासाठी ठेवले होते.

त्या क्षणी मी ‘नको’ म्हणायला हवं होतं. अडीच तास बोलायला दिलं तरी मी कुठल्याही विषयावर बोलू शकत होते, आणि इथं एकच शब्द बोलायचा होता. मी म्हणाले, “मग तिला काय सांगायचं?”

अप्पांच्या चेहऱ्यावरचा ताण लगेच उतरला. “लाइटच्या मीटरवर नाव चढवायचंय म्हणायचं. मीटरबी बाबांच्याच नावावर हाय, खोटं न्हाई ते. तू वाचून दाखव. तुझ्या तोंडचं ती मानती.”

“अप्पा, मी वकील व्हायला निघालीय.”

“म्हणून तर तुला सांगतोय,” ते म्हणाले.

त्यांनी ते वाईट मनाने म्हटलं नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की वकील म्हणजे असली कामं निभावून नेणारा माणूस. आणि मला त्या वेळी, राग येण्याऐवजी, आपल्यावर मोठ्या माणसाचं काम सोपवलं गेलंय असं वाटलं. हे लिहिताना आजही मान वर होत नाही.

तर बाकावर मी वाचायला सुरुवात केली.

पहिलं पान सरळ होतं. तारीख, नावं, वय, धंदा, राहणार इचलकरंजी. “लिहून देणार द्वारका, वय वर्षे त्रेपन्न, धंदा मजुरी.” आत्तीने मान हलवली. मग मिळकतीचं वर्णन. पूर्वेस बोरगावे यांची मिळकत, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस सार्वजनिक रस्ता. तेही मी खणखणीत वाचलं. आत्ती माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होती आणि कागदाकडे बघत होती. कांड्या भरून तिच्या बोटांना पडलेल्या चिरा मला दिसत होत्या.

दुसऱ्या पानाच्या मध्यावर खरा मजकूर सुरू झाला. दस्तलेखक नरगुंदे मास्तरांनी नेहमीच्या भाषेत लिहिला होता. मला तो अजून तोंडपाठ आहे. ‘सदर मिळकतीतील माझा वारसाहक्काने येणारा निम्मा हिस्सा मी माझे बंधू विश्वनाथ यांचे लाभात, कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने व कायमचा सोडून दिलेला आहे.’

मी वाचलं, “सदर मिळकतीतील लाइटचे मीटर माझ्या वडिलांचे नावे असून, ते माझे बंधू विश्वनाथ यांचे नावे करणेस माझी कोणतीही हरकत नाही.”

न अडखळता. ‘करणेस’ म्हणाले मी, ‘करायला’ नाही. कागदातल्या भाषेचा वास येईल इतपत सगळं जमवून आणलं. पायरीवरच्या अप्पांची पाठ जराशी सैल झालेली मी पाहिली.

“एवढ्याला तीन पानं?” आत्ती म्हणाली.

“सरकारी काम आहे ना.”

“वाच पुढं.”

मी पान उलटलं. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की सदर मिळकतीवर यापुढे माझा कोणत्याही प्रकारचा हक्क राहिलेला नाही. खाली, वाचून दाखवले, समजले, म्हणून सही केली असे. आणि त्याखाली साक्षीदार म्हणून माझं नाव.

तिथं मला कळवळा आला. खोटं बोलणाऱ्याला मध्येच येतो तसला. आत्ती खोलीच्या दाराशी बसून संध्याकाळी तांदूळ निवडते ते डोळ्यांसमोर आलं. मला वाटलं, निदान तिला ऐकायला तरी बरं वाटावं. म्हणून अप्पांनी न सांगितलेलं एक वाक्य मी माझ्या पदरचं घातलं. “तसेच सदर मिळकतीतील रस्त्याकडील खोलीत माझे हयातीपर्यंत राहण्याचा माझा हक्क कायम राहील.”

आत्तीने कागदाकडे बघितलं. मग म्हणाली, “असं लिवलंय?”

“हो.”

“कुठं?”

मी बोट ठेवलं. “इथं.”

ती वाकली. माझ्या बोटाजवळ चष्मा आणून बघत राहिली. कचेरीतला शिपाई कुणाचं तरी नाव पुकारत होता, आतून टाइपरायटरचा आवाज येत होता. मी बोट उचललं नाही.

“बरं,” आत्ती म्हणाली. चष्मा काढून तिने पदराने पुसला, पुन्हा घातला. “चला मग. सही कुठं करायची?”

आत साहेबांच्या टेबलासमोर आम्ही उभे राहिलो. शिपायाने शाईचा पॅड पुढे केला तशी आत्ती म्हणाली, “मला सही येती.”

“सही करा, पण रजिस्टरला अंगठाबी लागतोय बाई,” शिपाई म्हणाला.

तिने तिन्ही पानांवर सही केली. दोन अक्षरं आणि एक जोडाक्षर, आपण विणकाम करतोय अशा काळजीने. साहेबांनी मान वर केली. “बाई, दस्त वाचून दाखवला का?”

आत्तीने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काहीच नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं.

“वाचून दाखवला,” ती म्हणाली. “समजला मला.”

“मान्य आहे?”

“मान्य हाय.”

मग मी साक्षीदार म्हणून सही केली. माझी सही फार वळणदार होती. पुढे वकील म्हणून करायची म्हणून मी ती महिनाभर वहीत घोटली होती.

बाहेर आल्यावर अप्पांनी आम्हाला हॉटेलात नेलं. कांदाभजी आणि चहा. ते एरवी हॉटेलात एक दिडकी खर्च करत नसत, पण त्या दिवशी ‘अजून एक प्लेट’ म्हणत होते. आत्तीने भजी खाल्ली नाहीत. पोट बरं नाही म्हणाली. अप्पा बिल द्यायला उठले तेव्हा तिने पिशवीत हात घातला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या पुढ्यात ठेवलं.

“काय आहे?”

“सोड की.”

मी दोरा सोडला. काळं कापड होतं. चांगलं जाड, घट्ट विणीचं.

“कोटाचं हाय,” आत्ती म्हणाली. “मालकाला सांगून मुद्दाम काढून घेतलंय. बरोबर न्यायचं कचेरीत म्हणून सकाळीच पिशवीत घातलं.” ती कापडाच्या घडीवरून हात फिरवत होती. “कधी जाणार कोल्हापूरला?”

“सोमवारी नाव घालायचंय.”

“जा. आता मागं फिरायचं न्हाई. ऐकलंस?”

मला तिच्याकडे बघता आलं नाही. मी भज्यातली मिरची बाजूला काढत बसले. ‘आत्ती, मी खोटं वाचलं’ एवढं तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात अप्पा सुट्टे पैसे मोजत परत आले आणि मी कापड पिशवीत टाकलं.

सोमवारी मी एस.टी.ने कोल्हापूरला गेले. कॉलेजच्या खिडकीसमोर रांग होती. माझ्या पुढच्या मुलाचे वडील वकील होते आणि तो आपल्या वडिलांच्या केसेस मोठ्या आवाजात सांगत होता. मला फॉर्म मिळाला. कठड्यावर टेकून मी तो भरत गेले आणि शेवटच्या ओळीशी आले. ‘वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचून व समजून सही करीत आहे.’ अशी ओळ प्रत्येक फॉर्मवर असते. मी शंभर वेळा तिच्याखाली सही केलेली होती. त्या दिवशी पेन चाललं नाही.

मी रांगेतून बाहेर पडले. फॉर्मची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि स्टँडवर आले.

परतीच्या गाडीत मी रडले. पण खरं सांगायचं तर त्या रडण्यात थोडा अभिमानही होता. आपण केलेल्या पापाची आपणच केवढी मोठी शिक्षा घेतली, असं मला वाटत होतं. जणू माझं वकील न होणं हा आत्तीला दिलेला न्यायच होता.

त्या संध्याकाळी आत्तीच्या खोलीत जाऊन मी तोंड उघडलं असतं, तर सगळं सावरता आलं असतं. दस्ताला चार दिवसही झाले नव्हते. बोरगाव्यांचा व्यवहार अजून व्हायचा होता. एखाद्या वकिलाकडे तिला नेलं असतं तर त्याने मार्ग काढला असता. हे मला तेव्हाही सुचलं होतं. पण मग अप्पांचं नाव निघालं असतं, माझं निघालं असतं, आणि गल्लीभर झालं असतं. त्यापेक्षा करिअर सोडणं मला सोपं गेलं.

घरी मी सांगितलं, मला वकिली नको, बी.एड. करते. अप्पा दोन दिवस चिडून होते. मग त्यांनी आत्तीपुढे मला उभं केलं. “हिला विचार. नाव लागलंय, सोडून आली.”

आत्ती दाराशी बसली होती. “का गं?”

“जमणार नाही मला ते,” मी म्हणाले.

“जमणार न्हाई व्हय,” ती म्हणाली. मग उठून आत गेली.

दिवाळीनंतर शेड विकली गेली. आत्तीला खोली सोडायला सांगितलं तेव्हा तिने आरडाओरडा केला नाही, मीटरचं नावही काढलं नाही. ट्रंक उचलून आमच्याकडे आली. सगळ्यांना आश्चर्य वाटलं आणि बरंही वाटलं. दोन महिने ती आमच्या स्वयंपाकघरात झोपली आणि मग कारखान्याजवळ एक भाड्याची खोली बघून गेली. अप्पांनी फार आग्रह केला नाही. जागेच्या पैशातून माझ्या धाकट्या भावाने झेरॉक्सचं दुकान टाकलं. माझं कोल्हापूर तर राहिलंच होतं.

मी शिक्षिका झाले. जयसिंगपूरला लग्न करून गेले. आत्तीकडे मी सणावारी जायचे, उंबऱ्यात बसून पाच मिनिटांत उठायचे. साडी द्यायचे. ती घ्यायची, ‘कशाला आणलीस’ म्हणायची. वर्गातल्या मुलांना मी नेहमी सांगत आले की लाज वाटणं चांगलं असतं, त्यातून माणूस सुधारतो. सांगताना मला स्वतःचं उदाहरण आठवायचं आणि मी फळ्याकडे वळायचे.

त्या दस्तानंतर अकरा वर्षांनी आम्ही घर बांधलं. वास्तुशांतीची पत्रिका घेऊन मी आत्तीकडे गेले. अप्पा तोवर वारले होते. आत्ती चौसष्ट वर्षांची झाली होती आणि काम सुटलं होतं. दाराबाहेर उन्हात खुर्ची टाकून बसली होती. मी पत्रिका काढली आणि जुन्या सवयीने वाचायला लागले. “श्री गजानन प्रसन्न. आमचे नूतन वास्तूची—”

“दे इकडं,” आत्ती म्हणाली.

तिने पत्रिका हातात घेतली, चष्मा सारखा केला आणि वाचली. हळू, प्रत्येक शब्दावर थोडं थांबत, पण कुठंही न चुकता. मुहूर्ताची वेळ, पत्ता, ‘आपले नम्र’, सगळं. मग घडी करून मांडीवर ठेवली.

मी उंबऱ्यावर बसले. “कधीपासून येतंय तुला वाचायला?”

“तूच शिकवलंस की.”

“सही पुरे म्हणाली होतीस.”

“म्हटलं हुतं. वाचायला येतंय म्हणून सांगितलं असतं तर कोण कशाला वाचून दाखवंल? कागदात काय हाय ते आपलं आपण बघावं. आणि वाचणारं माणूस काय वाचतंय ते ऐकावं. म्हणजे दोन्ही कळतंय.”

माझी बोटं तिच्या खुर्चीच्या पायाला घट्ट धरून होती. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. “कचेरीतही?”

“हळू येत हुतं तेव्हा. पण येत हुतं.” तिने रस्त्याकडे बघितलं. “तिसऱ्या पानावर तू बोट ठेवलंस, तिथं लिवलं हुतं, कोणत्याही प्रकारचा हक्क राहिलेला न्हाई.”

मी तोंड पदरात घातलं. रडू येत नव्हतं. नुसता चेहरा जळत होता, अकरा वर्षांपूर्वी जळायला हवा होता तसा.

“मग सही का केलीस आत्ती?”

“तुझ्या अप्पानं, विसूनं मागितली असती तर केली नसती. त्याला मी ओळखत हुते. तू वाचायला लागलीस, आणि मी म्हटलं, ही पोर मोडली आता. मग तू ते खोलीचं वाचलंस. कागदात नसलेलं.” तिचा आवाज कुठंही चढला नाही. “तेव्हा म्हटलं, न्हाई, हिला टोचतंय अजून. हिला आता आयुष्यभर लाज वाटंल. आणि अशी लाज वाटलेली बाई कोर्टात असली, तर ती दुसऱ्या कुठल्या बाईला असं वाचून दाखवायची न्हाई. माझ्या अंगठ्याच्या वेळी तसं कुणी नव्हतं. म्हणून केली सही. खोली दिली, तू शिकावंस म्हणून दिली.”

“आत्ती—”

“खोलीचं काही न्हाई. खोली मला आताबी हाय. पण तू गेलीच न्हाईस. माझं देणं फुकट गेलं बग.”

मला इतकी वर्षं वाटत होतं की मी एकदाच चुकले आणि त्याची भरपाई म्हणून सगळं सोडलं. ते सोडणंच तिला जास्त लागलं होतं. मी ‘मला माफ कर’ म्हणाले. तिने ऐकलं न ऐकलं केलं.

आतून एक मुलगी चहा घेऊन आली. सतरा-अठरा वर्षांची, दोन वेण्या, कानावर पेन अडकवलेलं. “ही घरमालकांची नात, फरजाना,” आत्ती म्हणाली. “बारावी झाली. कोल्हापूरला पाच वर्षांच्या वकिलीला नाव घालायलीय.”

मुलगी मला बघून लाजली आणि आत गेली.

“रोज सकाळी पेपर वाचून दाखवती मला,” आत्ती म्हणाली. “दोन वर्षं झाली. मी चष्मा घालून बाजूला बसते. अजून एक अक्षर तिनं इकडचं तिकडं केलं न्हाई.” तिने बशीत चहा ओतला. “ते कापड काय केलंस?”

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

“आहे. ट्रंकेत.”

“शिवलं न्हाईस ना कशाला?”

“नाही.”

“मग आणून दे.”

दुसऱ्या दिवशी मी ते घेऊन गेले. अकरा वर्षं एकाच घडीत राहिल्याने मधोमध पांढुरकी रेघ पडली होती. सकाळी मी दोनदा पाणी मारून इस्त्री केली होती, ती गेली नव्हती. आत्तीने कापड उजेडात धरलं, रेघेवरून नख फिरवून बघितलं आणि आत हाक मारली.

“फरजाना, हे बग गं. चांगलं हाय. उलट्या बाजूनं शिवून घेऊ.”